विनोदी मालिकेतला तो एक वल्ली काढून टाकला तर काय उरतं?

गच्चीवरचा_चंद्र

मंडळी, आमच्या घरात दोन आठवडे एक वाद चाललाय आणि तो मिटायचं नाव घेत नाहीये, म्हणून इथे टाकतोय.

लेकीची बारावी झाली, सध्या घरीच आहे. रात्री जेवताना आम्ही दोघं साइनफेल्ड या जुन्या अमेरिकन विनोदी मालिकेचे दोन-दोन एपिसोड बघतो. मी पूर्वी बघितलेली मालिका, तिला सगळं नवीन. तर तिचं म्हणणं असं की क्रेमर हे पात्र भरताड आहे. म्हणजे समोरच्या फ्लॅटमधला माणूस, दार ढकलून घरात घुसतो, फ्रिज उघडतो, काहीतरी अचाट बोलतो आणि जातो, त्याला नोकरी नाही, मागचं-पुढचं काही नाही, जेरी-जॉर्ज-इलेन या बाकीच्या तीन मित्रांची गोष्ट त्याच्याशिवाय अगदी मस्त चालेल असं ती म्हणते. मी म्हणतो की बाई, त्याला काढलास तर हॉटेलात बसून कुरकुर करणारी तीन माणसं उरतील, बाकी काही नाही. पण मला हे नीट पटवून देता येत नाहीये. नुसतं "अगं मजा येते ना त्याच्यामुळे" म्हणून ती ऐकत नाही.

मग जाणवलं की हा माणूस सगळीकडेच आहे. फ्रेंड्समध्ये फीबी, द ऑफिसमध्ये ड्वाइट, साराभाईमध्ये रोसेश, हम पाँचमध्ये काजलभाई. प्रत्येक ठिकाणी चारदोन बरी शहाणी माणसं आणि त्यांच्यात एक चक्रम. हे आलं कुठून? आणि तो खरंच लागतोच का, की लिहिणाऱ्यांना लागलेली ती एक सवय आहे? ज्यांनी भरपूर बघितलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा, मी लेकीला वाचून दाखवणार आहे.

आठवा_मजला

चंद्रदादा, क्रेमरच्या आधीचं एक घराणं आहे, ते सांगतो.

अमेरिकन टीव्हीवर या जातीचा पहिला मोठा माणूस म्हणजे एड नॉर्टन. द हनीमूनर्स, १९५५-५६, एकच सीझन, ३९ एपिसोड. जॅकी ग्लीसन हा ब्रुकलिनमधला बसड्रायव्हर रॅल्फ, आणि वरच्या मजल्यावर राहणारा नॉर्टन, आर्ट कार्नीने केलेला, गटारखात्यात कामाला. हाही दार उघडून थेट घरातच. त्यातला एक गोल्फचा एपिसोड मिळाला तर बघाच. दोघांनाही गोल्फ येत नाही, पुस्तक वाचून शिकतायत. पुस्तकात लिहिलंय की आधी बॉलला अॅड्रेस करा. गोल्फच्या भाषेत त्याचा अर्थ बॉलपाशी नीट पवित्रा घेऊन उभं राहणं. नॉर्टन बॉलकडे बघतो आणि त्याला अदबीने "हॅलो बॉल" म्हणतो. त्याच्या चेहऱ्यावर आपण विनोद करतोय असं काहीच नसतं, त्याच्या दृष्टीने तो पुस्तकात दिलंय तेच करतोय. आपल्याकडच्या ज्या पिढीने कार्टून चॅनेलवर फ्लिंटस्टोन्स पाहिलं तिला ही जोडी नाव माहीत नसूनही माहितीये, कारण फ्रेड आणि बार्नी हे रॅल्फ आणि नॉर्टनवरूनच उचललेले.

पण तुमचा जो खरा प्रश्न आहे, काढून टाकला तर काय उरतं, त्याचं उत्तर एका मालिकेने प्रत्यक्षच देऊन ठेवलंय. द अँडी ग्रिफिथ शो, १९६० साली सुरू. मेबेरी नावाचं एक काल्पनिक गाव, अँडी तिथला शेरीफ. सुरुवातीला ठरलं होतं की विनोदी माणूस अँडीच असणार. मग डॉन नॉट्स डेप्युटी बार्नी फाइफ म्हणून आला आणि ग्रिफिथच्या लगेच लक्षात आलं की विनोद या माणसाकडे जाऊ द्यावा आणि आपण शांतपणे बाजूला उभं राहावं. एका स्टारने आपण होऊन हे करणं मला फार मोठं वाटतं. बार्नी म्हणजे अंगात जोर नाही पण छाती कायम पुढे. त्याच्याकडे पिस्तूल आहे पण गोळी एकच, आणि तीही पिस्तुलात घालायची परवानगी नाही, शर्टाच्या खिशात ठेवायची, कारण पिस्तूल त्याच्याच हातून भलतीकडे उडतं. ती गोळी खिशातून काढताना त्याचा आव बघा, सगळं गाव आपल्याच भरवशावर झोपतंय असा.

१९६५ मध्ये, पाच सीझननंतर, नॉट्स बाहेर पडला. मालिका आणखी तीन वर्षं चालली, रंगीत झाली आणि शेवटच्या सीझनला तर अमेरिकेत रेटिंगमध्ये पहिल्या नंबरवर होती. म्हणजे तुमची लेक आकड्यांवर बोट ठेवून म्हणू शकते की बघा, चाललं की त्याच्याशिवाय. पण ते रंगीत एपिसोड बसून बघा. तोच अँडी, तोच ऑफिस, पण आता त्याला सांभाळायला कुणी नाही त्यामुळे तो नुसताच एक थकलेला, थोडा चिडका शेरीफ दिसतो. त्याचा चांगुलपणा आपल्याला दिसायचा तो बार्नीमुळे. मित्राची फजिती गावासमोर होऊ नये म्हणून अँडी जी धडपड करायचा त्यातच तो अँडी होता. नॉट्सला त्या भूमिकेसाठी पाच एमी पुरस्कार मिळाले, त्यातले शेवटचे दोन तर मालिका सोडल्यावर पाहुणा म्हणून परत आला त्या एपिसोडांचे. यावरून काय ते समजा.

जुनी_जाणती

चंद्र, तुम्ही सगळे अमेरिकेपासून सुरू करताय म्हणून मला राहवत नाहीये. मी शाळेत तीस वर्षं संस्कृत शिकवलंय आणि तुमचा क्रेमर मला तरी अगदी ओळखीचा वाटतो. आपल्याकडे त्याला विदूषक म्हणत आणि तो नायकाचा मित्र असे, नोकर नव्हे. जातीने ब्राह्मण पण बोलायचा प्राकृत. म्हणजे बघा, राजा संस्कृतात बोलतोय आणि त्याच्या शेजारी बसून हा घरगुती भाषेत उत्तरं देतोय, हशा तिथूनच सुरू. खाण्यावर वासना, लढाईचं नाव काढलं की घाम, पण मित्राला सोडून जाणार नाही.

आता तुमच्या लेकीला मृच्छकटिकातला मैत्रेय सांगा. शूद्रकाचं नाटक, देवलांनी ते संगीत नाटक म्हणून मराठीत आणलं. चारुदत्त कंगाल झालेला आहे, बाकीचे मित्र पांगलेत, हा एकटा उरलाय. वसंतसेनेचे दागिने चारुदत्ताकडे ठेवायला दिलेले असतात, रात्री ते सांभाळायचं काम मैत्रेयाकडे येतं आणि त्याला त्या जोखमीने झोप लागत नाही. शर्विलक चोरी करायला घरात शिरतो तेव्हा हा अर्धवट झोपेत बरळतो की मित्रा, घे बाबा तुझी ही पेटी एकदाची, आणि पेटी चोराच्याच हातात देतो! चोराला कष्टसुद्धा पडत नाहीत. पुढे नवव्या अंकात चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आळ आलाय, न्यायसभा भरलीये, हा धावत येतो आणि मित्राची बदनामी ऐकून इतका भडकतो की तो आळ घेणाऱ्या शकाराच्या अंगावर जातो, आणि त्या झटापटीत याच्या काखेतून वसंतसेनेचे, मधल्या काळात फिरून परत आलेले, दागिने खाली पडतात. झालं. चारुदत्ताच्या विरुद्ध पुरावाच मिळाला. मित्राला वाचवायला आला आणि त्याच्या गळ्यातला फास आवळून बसला.

मी वर्गात हा अंक शिकवायचे तेव्हा मुलं आधी हसायची आणि मग एकदम गप्प व्हायची. मैत्रेय काढला तर मृच्छकटिक पुढेच सरकत नाही, पेटी चोराकडे जात नाही आणि पुरावा न्यायसभेत पडत नाही. म्हणजे हा गोष्टीतला विसावा नाहीये हो, गोष्ट ओढणारा बैल आहे. आणि तो हे सगळं कशामुळे करतो तर झोपेमुळे आणि प्रेमामुळे, हसवायचं म्हणून एकही गोष्ट करत नाही.

तमाशातला सोंगाड्याही याच रांगेतला, पण तो हजरजबाबी, सगळं कळून बोलणारा. मैत्रेयाला कळत नाही. दोन्ही वेगळे आहेत, त्यांची मिसळ करू नये असं माझं मत.

पडद्यामागे

जुनी_जाणती ताई, तुम्ही जे लिहिलंत ते आम्हाला रायटर्स रूममध्ये पहिल्या दिवशी शिकवायला हवं. मी मराठी चॅनेलसाठी नऊ वर्षं कॉमेडी लिहितोय.

तुमच्या न्यायसभेच्या सीनला अगदी जुळणारा सीन साइनफेल्डमध्येच आहे, त्यामुळे चंद्रदादा तुमचं काम झालंच समजा. १९९४ चा मरीन बायोलॉजिस्टचा एपिसोड. जॉर्जने एका मुलीला खोटं सांगितलंय की मी समुद्रजीवांचा शास्त्रज्ञ आहे. दुसरीकडे क्रेमरला समुद्रकिनाऱ्यावर जाऊन पाण्यात गोल्फचे बॉल मारायचा नाद लागलाय, शेकडो बॉल घेऊन जातो आणि त्याला धड जमत पण नाही, एकच बॉल काय तो लांब गेला म्हणून सांगतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नसतो. मग जॉर्ज त्या मुलीबरोबर किनाऱ्यावर फिरत असताना एक देवमासा तडफडताना दिसतो, लोक ओरडतात की इथे कुणी शास्त्रज्ञ आहे का, आणि जॉर्जला पाण्यात उतरावंच लागतं. शेवटी हॉटेलात बसून तो ही हकिगत सांगतो आणि खिशातून काढतो देवमाशाच्या नाकपुडीत अडकलेला गोल्फ बॉल. क्रेमरचा चेहरा बघा त्या वेळचा. काखेतून पडलेले दागिने आणि हा बॉल, एकच युक्ती आहे.

म्हणून मी नव्या पोरांना एकच सांगतो की वल्ली लिहिताना त्याला काय हवंय ते आधी ठरवा, तो कसा बोलतो ते नंतर बघू. क्रेमरला दर एपिसोडला काहीतरी जीव तोडून हवं असतं, भले ते कितीही तिरपागडं असो. जेरी-जॉर्जला नुसत्या अडचणी टाळायच्या असतात. टाळणाऱ्या माणसांनी गोष्ट हलत नाही, हव्या असणाऱ्या माणसाने हलते. मायकल रिचर्ड्सने स्वतः सांगितलंय की सुरुवातीला तो क्रेमरला इतरांपेक्षा एक पाऊल मागे, मंद असा करत होता आणि जमत नव्हतं, मग त्याने ठरवलं की हा माणूस सगळ्यांच्या पुढेच आहे, तेव्हा ते पात्र उभं राहिलं. आणि जमलं ते इतकं की त्याच्या एन्ट्रीला सेटवरचे प्रेक्षक टाळ्या थांबवेनात, सीनची लय मोडायला लागली आणि शेवटी प्रेक्षकांना विनंती करावी लागली की त्याच्या एन्ट्रीला टाळ्या नकोत. ब्लॅकअॅडर या ब्रिटिश मालिकेत तर उलटच झालं, १९८३ च्या पहिल्या सीझनला बाल्ड्रिक हा नोकर मालकापेक्षा हुशार होता, दुसऱ्या सीझनपासून त्यांनी अक्कल मालकाकडे दिली आणि बाल्ड्रिककडे ठेवला फक्त आत्मविश्वास. प्रत्येक वेळी तो तेवढ्याच ठामपणे सांगतो की माझ्याकडे एक धूर्त बेत आहे. त्या ठामपणावर सगळी इमारत उभी आहे.

आता आमच्या धंद्यातलं दुखणं. डेली सोपसारखं रोज एपिसोड द्यायचं झालं की वल्लीला काय हवंय याचा विचार करायला वेळच नसतो, मग त्याला एक तकिया कलाम देतात. पहिल्या आठवड्यात लोक हसतात, चॅनेलवाले म्हणतात अजून टाका, तिसऱ्या महिन्यात ते वाक्य म्हणायला तो दारातून येतो, म्हणतो आणि जातो. तुमची लेक ज्याला भरताड म्हणते ते हेच आणि त्याबाबतीत ती शंभर टक्के बरोबर आहे, फक्त क्रेमरच्या बाबतीत चुकतेय. मी स्वतः असं एक पात्र दोन वर्षं लिहिलंय. ज्याने ते केलं तो उत्तम नट होता, एकदा मला म्हणाला की सर, याला एकदा तरी घरी जाऊ द्या ना, याचं घर कसंय ते तरी बघू. ते घर मी कधी लिहिलं नाही. आजही त्याची खंत वाटते.

दुसरा धोका म्हणजे वल्लीच डोईजड होणं. फॅमिली मॅटर्समध्ये अर्कल हा शेजारचा मुलगा एका एपिसोडपुरता आणला होता, तो पुढे मालिकाच झाला आणि ज्या कुटुंबाची गोष्ट होती ते कोपऱ्यात गेलं. मिठाची आमटी करता येत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

सगळं वाचलं, छान लिहिता तुम्ही लोक. पण एक गोष्ट कोणी बोलून नाही राहिलं म्हणून मी बोलतो.

आपल्या मराठी मालिकांत हा वल्ली बहुतेक वेळा कोण असते? गावाकडून आलेला गडी, स्वयंपाकाची बाई, वॉचमन. आणि तो वल्ली कशाने? तर बोलीने. मालवणी बोलला की हसा, वऱ्हाडी बोलला की हसा, अहिराणी बोलला की हसा. घरातली मंडळी पुण्याचं बोलणार आणि हा "काऊन जी" म्हणणार, मागून हशा वाजणार. अन् ती वऱ्हाडी पण धड वऱ्हाडी नसते, "बे", "करून राहिलो" असे चार तुकडे कुठेही चिकटवलेले. माझी आई अकोल्याची, तिची बोली इतकी गोड आहे का विचारू नका, पण मी कॉलेजला पुण्यात आलो तेव्हा तोंड उघडलं की वर्गातली पोरं टीव्हीवरच्या एका गड्याची नक्कल करत. दोन वर्षं मी वर्गात जवळपास बोललोच नाही.

ताई म्हणाल्या ना की विदूषकसुद्धा प्राकृत बोलत होता. बरोबर आहे, पण तो नायकाचा जीवलग होता, त्याच्या मांडीला मांडी लावून बसत होता, आणि पडदाताई का दादा म्हणाले तसं त्याला काहीतरी पाहिजे होतं. आमच्या गड्याला चहा आणून देण्यापलीकडे मालिकेत काहीच नको असते. मग उरली फक्त बोली, अन् हसायचं झालं तर तिलाच हसावं लागते.

हे आपल्याकडंच आहे असं नाही. फॉल्टी टॉवर्समध्ये मॅन्युएल नावाचा स्पॅनिश वेटर आहे, १९७५ ची मालिका, त्याची तुटकी इंग्रजी हाच अर्धा विनोद. ती स्पेनमध्ये दाखवायची वेळ आली तेव्हा डबिंगमध्ये त्याला इटालियन करून टाकलं! म्हणजे ज्याच्यावर हसायचं तो नेहमी दुसऱ्या गावचा पाहिजे. तरी ते काम करणाऱ्या अँड्र्यू सॅक्सनं त्या मॅन्युएलला जीव लावला, तो मन लावून काम करतो, त्याला मालकाचं भलं करायचं असते, म्हणून आपण त्याच्या बाजूनं होतो. आमच्या गड्याच्या बाजूनं होता यावं असं लिहा, मंग खुशाल वऱ्हाडी बोलू द्या त्याला. आम्हीच सगळ्यात आधी हसू.

पडद्यामागे

वऱ्हाडी_ठेचा, दादा म्हणा. आणि तुम्ही म्हणता ते मान्य, पूर्ण मान्य. बोली येणारा लेखक टीममध्ये नसताना बोलीतले संवाद लिहून घेतले जातात, मीही लिहिलेत. पुढच्या वेळी त्या भागातला माणूस बसवल्याशिवाय लिहिणार नाही.

डबा_गरम

मी फक्त साराभाईतल्या रोसेशबद्दल बोलायला आले. २००४ पासूनचा तो पहिला सीझन मला जवळजवळ पाठ आहे. रोसेश एकदाही, एकदाही, आपल्या कवितेवर संशय घेत नाही. बाप टर उडवतो, आई कौतुक करते आणि तो पुढची कविता काढतो. राजेश कुमारने तो आवाज असा काही लावलाय की कविता कितीही भयानक असली तरी त्याच्यावर राग येत नाही. माझ्या मते वल्लीची खूण हीच, लाज नसणे. फीबी गिटार घेऊन कॉफीशॉपमध्ये तिचं ते मांजराचं गाणं म्हणते तेव्हाही तेच. आपण सगळे दिवसभर लाजत असतो, ऑफिसात, नातेवाइकांत, आणि घरी येऊन कुणीतरी न लाजणारं बघायला मिळतं, मला तरी त्यासाठी ही माणसं हवी असतात. दिल दोस्ती दुनियादारीतला आशू पण याच कारणासाठी आवडायचा, त्यांच्या 'माजघर' नावाच्या फ्लॅटमध्ये तो एकटा असा होता की ज्याच्या मनात येईल ते तोंडात यायचं.

जुनी_जाणती

डबा_गरम, "लाज नसणे" हे छान सांगितलंस गं. आणि ठेचा, तुमचं वाचून वाईट वाटलं. प्राकृताचा मुद्दा मी फारच सहज लिहून गेले होते.

गुंड्याभाऊ कुणालाच कसा आठवला नाही? चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ. १९४० च्या लग्न पहावे करून सिनेमात दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग होते, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीला मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. तिथे गंमत अशी की विचित्र कोण हे ठरवताच येत नाही. चिमणराव किरकोळ अंगाचा, भित्रा, पांढरपेशा, आणि गुंड्याभाऊ दणकट, तापट, पहिले हात उगारणारा. चिमणराव आपली गोष्ट आपणच सांगतो म्हणून तो स्वतःला शहाणा समजतो. गुंड्याभाऊने सांगितली असती तर?

गच्चीवरचा_चंद्र

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवताना हे सगळं वाचून दाखवलं, ठेचा यांचं वाचताना लेक मध्येच उठून पाणी प्यायला गेली कारण तिच्या वर्गात लातूरची एक मुलगी होती आणि तिच्याशीही हेच झालं होतं म्हणे. त्यावर ती बराच वेळ बोलली.

मग आम्ही तो देवमाशाचा एपिसोड लावला. जॉर्जने खिशातून बॉल काढला तेव्हा ती क्रेमरकडे बघत होती, जॉर्जकडे नाही. भरताड हा शब्द मागे घेतला का विचारलं तर म्हणाली, क्रेमरपुरता घेतला.

आणि माझी आई, वय ७९, तिथेच बसली होती, तिला इंग्रजी कळत नाही पण गुंड्याभाऊ हा शब्द ऐकून तिचे कान टवकारले. गिरगावात आमच्या चाळीत तेव्हा एकच टीव्ही, दुसऱ्या मजल्यावर, आणि मालिका लागायची तेव्हा दारात चपलांचा ढीग. ती म्हणते बाळ कर्वे पडद्यावर दिसले की आमचे आजोबा, जे एरवी कुणाशी बोलत नसत, ते मोठ्याने "आला रे आला" म्हणायचे आणि पुढचा अर्धा तास लहान मुलासारखे बसायचे. हे मला आजपर्यंत माहीतच नव्हतं. जुनी_जाणती ताई, चिं. विं.ची पुस्तकं आज कपाटातून काढलीयेत, लेकीने पहिलं घेतलंय.